सुवार्ताची ओळ

ही गोष्ट खरी आहे.

ज्यांना पटत नसेल त्यांनी कथा म्हणून वाचावी. पण आमची मालनआत्या अजून डोंबिवलीला राहते. तिच्यासमोर याला कुणी कथा म्हणालं, तर ती भांडत नाही. नुसती त्या माणसाकडे बघत राहते. ते बघणं झेपत नाही.

साल १९८८. डिसेंबर महिना. ठाण्याचं कोलशेत, खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरची बैठी चाळ. एका बाजूला केमिकलच्या कंपन्या, दुसऱ्या बाजूला कोळ्यांची घरं. सूर्य गेला की मधल्या पट्ट्यात डोळ्यात बोट घातलं तरी दिसायचं नाही.

पुढे मी तिला नुसतं मालनच म्हणतो. तेव्हा ती तिशीचीही नव्हती.

मालन, तिचा नवरा सहदेव आणि त्यांची सुवार्ता. ख्रिस्ती घर, मूळचं नगरकडचं. सहदेव कंपनीत पाळीवर जायचा. सुवार्ता नुकतीच पहिलीत गेलेली.

घरात रोज दिवेलागणीला प्रार्थना व्हायची. सहदेवच्या वडिलांनी घालून दिलेली, अगदी साधी. "प्रभू, घर तुझं, आम्ही तुझे, भाकर तू दिलेली..." असं करत शेवटी यायचं, "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे."

ही शेवटची ओळ घरातल्या सगळ्यात लहान माणसाने म्हणायची, अशी त्यांची रीत. बोबडं बोलायला लागल्यापासून ती सुवार्ताची ओळ होती. पोर इतक्या जोरात म्हणायची की शेजारची दगडाबाई भिंतीपलीकडून ओरडायची, "ऐकलं गो तुझ्या देवानं! हळू बोल!"

दगडाबाई कोळीण. बाजारात मासे विकायची. तोंडाने फटकळ, पण सुवार्तावर जीव.

त्या वर्षी दिवाळीनंतर सुवार्ताचा घसा धरला.

साधी सर्दी वाटली. मग ताप. मग मान सुजली. ठाण्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, घटसर्प आहे, फार पुढे गेलाय.

पोरीचा आवाज आधी घोगरा झाला. मग नुसती घरघर राहिली.

कल्याणच्या चर्चच्या मंडळीतल्या बायांनी उपास धरले. दगडाबाई पाटी तशीच टाकून दवाखान्यात आली. मालनला बाजूला घेऊन म्हणाली, "मी आमच्या एकवीरेला नवस बोलते गो. तुला चालत नसल तर माझ्या नावानं बोलते."

"नको मावशी," मालन म्हणाली. "माझा प्रभू आहे ना. तो माझी पोर नेणार नाही. माझा विश्वास आहे."

तिने हे गर्वाने म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं. उन्हात उभं राहिलं की सावली पडणारच, इतकं नक्की.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुवार्ता गेली.

सुवार्ताला तिच्या निळ्या फ्रॉकमध्येच पुरलं. दफनाच्या वेळी सहदेवने मूठभर माती टाकली. आणि अगदी हळू, ओठातल्या ओठात, ती ओळ म्हटली.

मालनने ऐकलं. त्यानंतर बरेच दिवस तिने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर पहिल्या संध्याकाळी सहदेव प्रार्थनेला बसला. शेवटी आला आणि थांबला. आता ती ओळ म्हणणारं कुणी नव्हतं. त्याने तोंड उघडलं, तशी मालनने त्याच्या तोंडावर हात दाबला.

"ती ओळ या घरात कुणी म्हणायची नाही."

"अगं मालन..."

"त्याच्या मनासारखं झालं ना? मग अजून काय म्हणायचं?"

सहदेव तसाच उठला. आणि त्या घरातली प्रार्थना अर्धीच राहायला लागली.

डिसेंबर लागला. सहदेवला दुसरी पाळी होती. मालन घरात एकटी. तिने दिवा लावला. मनात नव्हतं, पण सवयीने ओठ हलले. "प्रभू, घर तुझं..."

शेवटापर्यंत आली आणि थांबली.

बाहेर दगडाबाईचा रेडिओ चालू होता. कुठेतरी कुत्रं भुंकत होतं.

अचानक दोन्ही आवाज बंद झाले...

पाठीमागून, जिथे सुवार्ता मांडी घालून बसायची तिथून, कुणीतरी श्वास घेतला. लहान, भरभरून. जोरात बोलायच्या आधी पोरं घेतात तसा.

आणि...

"तुझ्या मनात असेल तसं होऊ दे!"

मालन वळली.

कुणीच नव्हतं.

रेडिओ पुन्हा सुरू झाला.

तुम्ही म्हणाल, ती किंचाळली असेल. नाही. आत्या सांगते, "मी जमिनीवर डोकं टेकलं आणि हसले. दवाखान्यापासून पहिल्यांदा हसले. माझ्या पोरीचा घसा बरा झाला होता."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

मालन आता दिवसभर संध्याकाळची वाट बघायची. वेणी घालायची, घर झाडायची. प्रार्थना म्हणायची ती फक्त शेवटी थांबण्यासाठी. देवाशी तिचं काही बोलणं उरलं नव्हतं. तिला फक्त ती रिकामी जागा हवी होती.

एकदा दिवेलागणीला दगडाबाई मासे द्यायला आली आणि दारातच थबकली. "कोणाची पोर आलीय गो घरात? आवाज..."

पुढचं तिने गिळलं. तो आवाज कोणाचा, ते तिला कळलं होतं. पाटी उंबऱ्यातच ठेवून ती निघून गेली.

मग मालनच्या लक्षात आलं, आवाज बदलतोय.

आधी थोडा बसका. मग घोगरा. रोज जरा जास्त.

तिला वाटलं, आपल्याला भास होतोय. पण त्या आठवड्यात सहदेवची पाळी बदलली. तो संध्याकाळी घरी होता आणि त्यानेही ऐकलं. उकिडवा बसलेला माणूस भिंतीला टेकून ढसाढसा रडला.

"मालन, ही दवाखान्यातली सुवार्ता आहे. तिला त्रास होतोय. मी म्हणतो ती ओळ. तिला सुटू दे."

"म्हणून बघा," मालन म्हणाली. "मी घर सोडून जाईन."

सहदेवने कल्याणहून मंडळीच्या पाळकसाहेबांना बोलावून घेतलं. ते दिवेलागणीला एकटेच आले. म्हातारे, शांत गृहस्थ. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बाई, मेलेली माणसं अशी परत येत नाहीत. आपला विश्वास तसं सांगत नाही. तो फसवणारा सैतान कुणाचाही आवाज काढू शकतो."

मालनने सरळ विचारलं, "पाळकसाहेब, फसवणारा 'देवाच्या मनात असेल तसं होऊ दे' असं म्हणेल?"

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. त्यांनी मनातल्या मनात प्रार्थना केली आणि उठले. सहदेव त्यांना बस स्टॉपपर्यंत सोडायला गेला. तिथे ते म्हणाले, "सहदेव, मी दार वाजवायच्या आधी बाहेर उभा होतो. मीही ऐकलं."

मग नाताळची आदली संध्याकाळ आली.

शेजारच्या चाळीत कुणीतरी चांदणी टांगली होती. मालनच्या दाराला काहीच नव्हतं. सहदेव कोपऱ्यात बसलेला. बाहेर पायरीवर दगडाबाई. बोलवलं नव्हतं, तरी येऊन बसलेली.

मालनने प्रार्थना सुरू केली. शेवटी आली. थांबली.

कुत्री गप्प झाली... खाडीकडचा वारा पडला...

श्वास आला. पण भरभरून नाही. घरघरणारा. अडकत अडकत आत ओढलेला.

"तुझ्या..."

मग काहीच नाही. नुसती घरघर.

"तुझ्या... म... मना..."

हीच घरघर मालनने दवाखान्यात पूर्ण रात्र ऐकली होती. तेव्हा तिच्या हातात काही नव्हतं.

आता होतं.

तिला एकदम कळलं. ही ओळ आपल्याला म्हणायची नाही, म्हणून आपली पोर रोज ती ओढत आणतेय. गेली तरी घसा फाडून घेतेय. कुणासाठी? आपल्यासाठी.

"नको बाळा," ती म्हणाली. "राहू दे. आई म्हणते."

आणि तिने म्हटली. आत्या सांगते, तोंडातून दगड काढावा तसा एकेक शब्द काढला. मनात विश्वास होता का, तिला आजही माहीत नाही. पण देवाला म्हणाली, "तुझ्या मनात असेल तसं होऊ दे." आणि पुढे आपलं एक जोडलं. "पण तिला नीट ने."

घरघर थांबली.

एक लांब, मोकळा श्वास बाहेर पडला... अगदी मालनच्या मानेजवळ. ऊन ऊन.

आणि दाराची कडी आतून वर सरकली.

सहदेव जागेवर होता. मालन गुडघ्यावर. दार आपोआप उघडलं, थोडा वेळ उघडं राहिलं, आणि पुन्हा हळूच लोटलं गेलं.

बाहेर दगडाबाई किंचाळली.

दोघं धावत गेले. ती पायरीवर बसलेली, पदर तोंडात कोंबलेला. नजर खाडीकडच्या अंधारात.

"पोर गेली गो," ती म्हणाली. "माझ्या अंगावरून गेली. तोच निळा फ्रॉक."

"एकटी?" मालनने विचारलं.

दगडाबाईने मान हलवली. नाही.

"कोण होतं मावशी? सांगा ना, कोण होतं?"

"दिसलं नाय. पोरीचा हात असा वर होता." तिने स्वतःचा हात खांद्याच्या वर धरून दाखवला. मोठ्या माणसाचं बोट धरून चालणारं पोर धरतं तसा. "कुणीतरी धरलेला. पण वर कोण ते दिसलंच नाय गो. नुसता काळोख."

त्यानंतर आवाज कधीच आला नाही. मालन कित्येक संध्याकाळी मुद्दाम थांबली. शेजारचा रेडिओ चालूच राहिला.

पुढे त्यांनी कोलशेत सोडलं, डोंबिवलीला आले. दगडाबाई वारली. ती शेवटपर्यंत तेवढंच सांगायची, एक अक्षर कमी नाही, जास्त नाही.

आत्या दर रविवारी चर्चमध्ये जाते. सगळी प्रार्थना पूर्ण म्हणते. गेल्या खेपेला तिच्याकडे गेलेलो, तेव्हा तिने हे सगळं पुन्हा सांगितलं. भाजी निवडता निवडता, शांतपणे.

"मी ज्याच्या हातात दिली, त्याचाच तो हात असणार," ती म्हणाली. "दुसरा कुणाचा असेल?"

मी मान डोलावली.

ती पुन्हा पानं खुडायला लागली. मग हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं.

"त्याचाच असेल ना रे?"