अंगठ्याची जागा

पळसाच्या फांदीवर लाल किडे चिकटून बसलेत. जिथे बसले तिथेच जन्म काढणार. अंगावर लाखेचं घर बांधतात. माणसं ते खरवडून नेतात.

*

दौलत उइके बाजारात टोमॅटो उचलून आधी वास घेतात. पिकलाय का ते नंतर. आधी तो टोमॅटोच आहे ना, ते.

*

सालईटोल्याच्या शेडमध्ये एक बाई सागवानावर कापसाचा बोळा फिरवते आहे. गोल, गोल, मग इंग्रजी आठासारखा.

*

एका झेंडीच्या दांडीला खाच आहे. दुसरीला नाही.

*

रविवारी सकाळी गाडी सुटली नाही.

शिट्टी झाली होती. सालईटोला ते कुंभली ही अरुंद रुळांची जुनी गाडी पर्यटकांनी भरली होती. शेवटच्या डब्याच्या दारात गार्ड दौलत उइके उभे राहिले आणि त्यांनी झेंडी बाहेर धरली. लाल. इंजिनातल्या रामटेकेने ब्रेक सोडला नाही. उइकेंनी पुन्हा शिट्टी फुंकली आणि तीच झेंडी आणखी जोरात हलवली. डब्यांतून हशा पिकला.

"बाबा, जायचं आहे का थांबायचं, एकदाचं ठरवा ना बाप्पा," रामटेके ओरडला.

फलाटावर उभ्या असलेल्या रेवताला मात्र हसू आलं नाही. ती उइकेंची सून, आणि शेडमध्ये डब्यांना पॉलिश करणारी तीच. ती सासऱ्यांच्या अंगठ्याकडे बघत होती. अंगठा दांडीवर वरखाली काहीतरी शोधत होता.

ती डब्यात चढली, त्यांच्या हातातली झेंडी काढून दुसरी दिली. गाडी हलली.

"रेवता व," ते हळूच म्हणाले, "खाच कुठं गेली?"

खाच रेवतानेच घालवली होती. आदल्याच आठवड्यात शेडमध्ये जिवंत लाख आली तेव्हा. दिसायला पॉलिशच्या साध्या चपडा लाखेसारखीच, पण प्रयोगशाळेतल्या लोकांनी लाखेच्या किड्यात असा बदल केला होता की त्याच्या लाखेत झोपलेल्या पेशी राहाव्यात. लाकडाला ओरखडा गेला की त्या जाग्या होत, हवेतला ओलावा पिऊन फुगत आणि जखम भरून काढत. शंभर वर्षांचे डबे आता आपले आपण बरे होणार होते. पहिला लेप कोणत्या डब्याला लावायचा, हे बिसेनसाहेबांनी रेवतावर सोडलं. जुनी म्हणून जपलेल्या या गाडीचा कारभार तेच बघत. रेवताने गार्डचा डबा निवडला.

तिला दुसरं काही सुचलंच नसतं. लग्न होऊन आली तेव्हा बाईमाणसानं शेडमध्ये काम करू नये म्हणून नातेवाईक घरी येऊन बसले होते. दौलत उइकेंनी सगळ्यांना चहा पाजला आणि सांगितलं की सून उद्यापासून माझ्याच सायकलवर डबल सीट येणार आहे. ते तिच्या मनात होतं. म्हणून तिने दार पॉलिश केलं, चौकट केली, ब्रेकचं चाक, कंदिलाची खुंटी, आणि उरलेल्या लाखेतून झेंड्यांच्या दांड्यासुद्धा. लेपाने प्रत्येक खळगा जखम समजून भरून टाकला, झेंडी ओळखायची खाचसुद्धा. दाराच्या चौकटीवरचा खळगाही गेला. बाहेर वाकून झेंडी दाखवताना उइकेंचा डावा अंगठा तिथे टेकत असे. इतकी वर्षं टेकून टेकून सागवान झिजलं होतं.

त्यांची नजर दोन वर्षांपासून मधोमध धूसर होत गेली होती. कडेचं दिसे, समोरचं नाही. रंग तर गेलेच होते. हे कोणाला कळलं नाही, कारण तो डबा त्यांच्या हाताला पाठ होता. आता डबा कोरा झाला होता आणि ते त्यात आंधळे झाले होते.

कुंभलीला गाडी रिकामी झाली. मग रेवता म्हणाली, "मामाजी, आज हिरवीच्या जागी लाल गेली. उद्या लालच्या जागी हिरवी गेली तर?"

"थेच मनात घोकत होतो," ते म्हणाले. "ही गाडी सोडली की माहं काय राहते, रेवता? घरी भिंतीच आहेत."

दुपारी ते स्वतःच रेवताला घेऊन बिसेनसाहेबांकडे गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले की झेंडी आता तुमच्या हातात देता येणार नाही. पण गार्डचा डबा रिकामा कसा सोडणार. नवा गार्ड शिकवून तयार करायला कोणीतरी हवंच. कोणाला शिकवता?

"हिले," उइके म्हणाले.

रेवता गार्ड झाली. उइके दारात उभे राहून सांगत की वळण आलं, आता बांबूचं बन, आता पूल. तिला दिसण्याआधी त्यांना आवाजावरून कळे. डावा अंगठा ते जुन्या जागी टेकवत. त्याच्या खालच्या बाजूला, आधाराला, तिचा अंगठा असे. लाखेवर दोन खुणा उमटत. पुढच्या रविवारी चौकट पुन्हा सपाट. "ही लाख मोठी हट्टी आहे बुवा," ते म्हणत, आणि पुन्हा अंगठा टेकवत. उतरताना चौकट थोपटून म्हणत, "बरं झालं व माय, आणलंस."

एका रविवारी खुणा भरल्या नव्हत्या.

रेवताने प्रयोगशाळेत फोन केला. तिकडच्या बाई उत्साहाने बोलू लागल्या. तोच दाब त्याच जागी पुन्हापुन्हा आला की पेशी त्याला जखम मानत नसाव्यात. तो लाकडाचाच आकार आहे असं धरत असाव्यात. आम्हाला हे माहीत नव्हतं, त्या म्हणाल्या. त्या दिवशी उइकेंनी अख्ख्या शेडला जिलेबी खाऊ घातली.

पुढच्या वर्षी तिसऱ्या वर्गाचा एक मोडका डबा दुरुस्त होऊन शेडमध्ये उभा राहिला. दाराची चौकट नव्या सागवानाची, रंध्याने तासलेली. जिवंत लाख विरजणासारखी लावतात: जुन्या लेपाचा चिमूटभर चुरा नव्या लाखेत मिसळायचा. रेवताने तो गार्डच्या डब्याच्या चौकटीवरून घेतला. पॉलिश करून शेडला कुलूप लावलं, आणि लेप पुरता वाळल्यावरच उघडलं.

चौकटीवर दोन खळगे होते. एक वर, एक खाली.

तिने सासऱ्यांना हाताला धरून आणलं. त्यांचा अंगठा वरच्या खळग्यात अलगद बसला, तिचा खालच्यात. या डब्यात दोघंही पहिल्यांदाच चढले होते.

उइकेंनी दुसऱ्या हाताने चौकट थोपटली. डोळे ओले होते, पण ते तसेही आताशा पाझरत.

"उपकार झाले बाप्पा," ते लाकडाला म्हणाले. मग रेवताकडे मान वळवून, म्हणजे ती जिथे असेल असं वाटलं तिकडे, त्यांनी विचारलं, "ह्या लाखेले आपण आठवतो, का हे आपली वाट पाहते?"

दौलत उइके गार्ड म्हणून पहिल्यांदा कामावर आले, त्या सकाळी त्यांच्या डब्याची चौकट सपाट होती; अंगठ्याची जागा नंतर झाली.