भट्टीची वाऱ्याकडची बाजू

तो मोबाइल आधी खाली ठेव, आणि दार लोटून घे. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच हसून घ्यावं, मध्ये खिदळलात तर मी उठून जाईन. हे माझ्या मित्राच्या बाबतीत घडलंय, आणि त्याला मी चाळीस वर्षं ओळखतो.

टेम्पो चालवतो तो. आम्ही त्याला रेडिओ म्हणायचो, कारण तोंड म्हणून बंद नसायचं. बायको गेली आणि रेडिओ बंद पडला. मुलगी लग्न होऊन लांब. रात्री घरी आला काय, न आला काय, विचारणारं कोणी नाही. मला एकदा म्हणाला, "मी मेलो ना, तर आधी टेम्पोच्या मालकाला कळेल." मी शिव्या घातल्या त्याला. पण खोटं नव्हतं ते.

तर जानेवारीची सतरा तारीख, मंगळवार. कोळंबीच्या तळ्यांत टाकायला वीस पोती चुना सकाळी सहाच्या आत पोचवायचा होता. आपल्या किनाऱ्यावर शिंपले भाजून चुना काढायच्या पूर्वी अकरा भट्ट्या होत्या, आता एकच धुगधुगतेय. रेडिओ तिथे साडेदहाला पोचला. भट्टीवाला म्हणाला, "माल अजून गरम आहे, पोती जळतील. चारला येतो मी, तोवर पड इथेच." आणि गेला घरी.

टेम्पोची काच फुटलेली, थंडी मरणाची, आणि भट्टीजवळ मस्त ऊब. पण भट्टीची वाफ वाईट, बरं का. तिला ना वास ना रंग. निजलेला माणूस झोपेतच जातो. रेडिओला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याचा बाप याच भट्ट्यांवर राखणीला होता. रात्रभर काठी घेऊन फिरायचा, उबेला निजलेल्या गड्यांच्या तळव्यांवर मारून उठवायचा. तोही जाऊन तीस वर्षं झाली.

म्हणून रेडिओने शहाणपणा केला. वारा समुद्राकडून येत होता, त्याच बाजूला अंथरलं. वाफ पलीकडे जाईल. पण थंडीत मध्यरात्रीनंतर वारा फिरतो, जमिनीकडून वाहायला लागतो. भट्टीवरचं शेंबडं पोरही हे सांगेल. हा गाढव नेमका तेवढंच विसरला.

डोळे उघडले तेव्हा उशाशी मोबाइलवर दोन वाजून दहा. आवाज येत होता. काठीचा. भट्टीच्या पलीकडून.

टक्... मग दोन पावलं. टक्...

ओळीने निजलेल्यांना कोणी उठवतंय, असं.

तिथे निजलेलं कोणी नव्हतं.

उठायला गेला. हात उचलेना. डोकं जड. ओरडायला गेला तर...

आणि मला म्हणाला, "खरं सांगू? उठून तरी कोणाकडे जायचं, असं वाटलं. डोळे मिटून घेतले मी."

टक्... भट्टीला वळसा घालून, या बाजूला.

टक्...

मग त्याच्या तळव्यावर. एकदा. दोनदा. तो हलला नाही.

काठी थांबली.

बराच वेळ... काहीच नाही.

मग घोट्याला हात पडला. गार. आणि ओढायला लागला.

चारला भट्टीवाला आला, तर हा चाळीस पावलं लांब, रस्त्याच्या कडेला. पाठ खरवडलेली, ओकाऱ्या चाललेल्या, पण जिवंत. भट्टीवाल्याने विचारलं, "कोणी ओढलं रे तुला?" रेडिओ नुसता रडत होता. लहान मुलासारखा रडत होता, म्हणे.

उजव्या घोट्यावर चार बोटं आणि एक अंगठा. ओल्या चुन्याने कातडी भाजते, तसा डाग. डॉक्टरांनी मलम दिलं, उपयोग शून्य. मी स्वतः माझी बोटं त्यावर ठेवून पाहिलीत. माझा हात लहान पडला.

परवा त्याच्याकडे मुक्कामाला होतो. एवढी थंडी, आणि याने तो पाय पांघरुणाबाहेर काढलेला. मी पांघरूण ओढायला गेलो.

"राहू दे," तो म्हणाला. "असाच निजतो मी आता."