जोडीदाराचा दुपट्टा

लाइट येईल तेव्हा येईल. तोवर कमलाकरबाबूंचं काय झालं ते ऐका. गोष्ट खरी आहे. त्या गाडीचा ड्रायव्हर शब्बीर अजून महागावात आहे, पंक्चरचं दुकान चालवतो. विश्वास नसेल तर उद्या सकाळी जाऊन विचारा. रात्री विचारू नका. रात्री तो या विषयावर बोलत नाही.

कमलाकरबाबू यवतमाळला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात होते. कोणत्या गाडीवर कोण जाणार, कोण किती तास चालवणार आणि कोण किती तास झोपणार, हे ठरवणारा माणूस. लांबच्या गाडीवर ड्रायव्हर दोन. एकानं चार तास चालवायची, दुसऱ्यानं सीटमागच्या फळीवर पडदा ओढून झोपायचं. मग अदलाबदल. तसा कागद बाबू काढत आणि तो गाडीच्या काचेजवळ चिकटलेला असे.

शब्बीर आणि खेमसिंग ही त्यांच्याकडची सगळ्यात जुनी जोडी. दोघांची एक रीत होती. बारी संपली की हाका मारायच्या नाहीत. खेमसिंगचा लाल चौकड्यांचा दुपट्टा बाटलीतल्या पाण्यानं भिजवायचा आणि झोपलेल्याच्या तोंडावर टाकायचा. तो तोंड पुसत पुढे यायचा. अकरा वर्षं हे असं चाललं.

मग आलं दोन हजार सहा साल. कापसाचं पार मातेरं झालेलं. भाव रोज घसरायचा, म्हणून जिनिंगवाल्यांना गाठी आजच्या आज बंदरावर पाहिजेत, आणि गाड्या-माणसं तेवढीच. बाबूंनी डोकं चालवलं. जोड्या फोडल्या. कागदावर नावं दोन, गाडीत माणूस एक. लोक म्हणतात बाबू स्वभावानं वाईट नव्हते. नसतील बाप्पा. ज्याला रोज आठ तास गादीवर झोप मिळते त्याला चांगलं वागायला काय जातं.

नोव्हेंबरात खेमसिंग असाच एकटा गेला. परत येताना सव्वीस तास झाले होते स्टेअरिंगवर. रात्री दोनला त्यानं बाबूंना फोन लावला.

"साहेब, जोडीदार पाठवा. डोये मिटून राह्यले माये."

"तोंडावर पाणी मार अन् चाल," बाबू म्हणाले आणि फोन बंद करून झोपले.

आर्णीच्या अलीकडे नाल्यावर एक पूल आहे. गाडी कठडा तोडून खाली गेली.

बाबूंनी पोलिसांपुढे कागद ठेवला. कागदावर गाडीत दोन माणसं होती. बाबू म्हणाले, यानंच जोडीदाराला वाटेत उतरवून दिलं, आपल्या मस्तीत गाडी हाणली आणि मेला. शब्बीरला तर बाबूंनी नागपूरच्या गाडीवर पाठवलेलं, पण कागदापुढे त्याचं कोण ऐकणार? तो खेमसिंगच्या तांड्यावर पोचला तेव्हा चिता रचून झाली होती. दुपट्टा खेमसिंगच्या गळ्यातच होता. शब्बीरसमोर तो जळाला. हे ध्यानात ठेवा.

आता एकोणीस डिसेंबर, मंगळवारची रात्र. बाबू फुलसावंगीला गाठी भरून घ्यायला आले होते. काम लांबलं, शेवटची एसटी गेली, म्हणून शब्बीरच्याच गाडीत बसून यवतमाळला निघाले. शब्बीर एकटा. मागच्या फळीचा पडदा ओढलेला.

महागाव मागं पडल्यावर शब्बीर म्हणाला, "बाबू, खेमसिंगच्या बसंतीबाईले खरं सांगा. नवरा मस्तीनं मेला म्हून लोकं टोमणे मारून राह्यले तिले."

"कागदावर आहे तेच खरं."

"मंग हा वाचा."

बाबूंनी काचेजवळचा कागद पाहिला. घाईघाईत त्यांनी जुन्याच कागदाची झेरॉक्स काढून वर नवी तारीख टाकली होती. दहा ते दोन, शब्बीर. दोन ते सहा, खेमसिंग.

"राहून गेलं," बाबू म्हणाले. "उद्या बदलतो."

दोन वाजायला आले तसे शब्बीरचे डोळे जड झाले. एका बंद ढाब्यापाशी त्यानं गाडी उभी केली, किल्ली खिशात घातली आणि हापशीवर तोंड धुवायला गेला.

बाबू केबिनमध्ये एकटे. बाहेर चिटपाखरू नाही. मागं फळी करकरली.

बाबूंनी वळून पाहिलं नाही.

पुन्हा करकरली. कुणीतरी कूस बदलावी तशी.

"शब्बीर...?"

शब्बीर तर समोर. हापशीवर. पाठमोरा.

पडदा सरकला. काहीतरी गार... ओलं... बाबूंच्या तोंडावर पडलं.

आणि गाडी सुरू झाली.

शब्बीर ओरडत मागं धावला. किल्ली त्याच्या खिशात होती. लाल दिवे लांब गेले. वळले. दिसेनासे झाले.

पहाटे दुधाचा टेम्पो थांबवून तो निघाला. गाडी त्याच नाल्याच्या पुलावर उभी. पुढचं चाक तुटक्या कठड्याला टेकलेलं. हँडब्रेक ओढलेला. ड्रायव्हरच्या सीटवर कमलाकरबाबू, दोन्ही हात स्टेअरिंगवर. बाबूंना साधी लुना येत नव्हती.

"तो मले म्हणते... तोंडावर पाणी मार," एवढंच ते बोलले.

त्या दिवसापासून बाबूंना झोप नाही. म्हणजे झोप यायची हो. डोळा लागला रे लागला की तोंडावर ओला फटका. दचकून उठायचे. त्यांची बायको सुहासिनी शेजारी बसून पाहायची. दार बंद, खिडकी बंद, आणि यांच्या तोंडावरून पाणी निथळतंय. उशी भिजून चिंब. अशा आठ रात्री गेल्या. बाबूंचे डोळे खोल गेले, चालताना भिंती धरू लागले.

शब्बीर घरी येऊन सांगून गेला. "बसंतीबाईच्या पायावर जा, बाबू. तो उठवून राह्यला, तवरच टाइम आहे."

बाबू गेले, पण बसंतीबाईकडे नाही. अठ्ठावीस तारखेला ते ऑफिसात गेले. गाडीतला कागद मागवला, फायलीतले सगळे काढले, लाल पेन घेतला आणि प्रत्येकावरचं खेमसिंग हे नाव खोडलं. नावच नाही तर बारी कसली.

रात्री दहाला आडवे झाले. डोळा लागला. सुहासिनी श्वास रोखून बसली. अकरा वाजले. बारा. काहीच नाही. बाबू घोरत होते. बिचारी रडली, आणि नऊ दिवसांत पहिल्यांदा तीही झोपली.

सकाळी सहाला तिनं चहा आणला. हाक मारली. हलवलं. मग किंचाळली. बाबूंचं अंग गार पडलं होतं.

पुढं तिनंच ते खोडलेले कागद शब्बीरसोबत नेऊन बसंतीबाईच्या हातात दिले आणि तांड्यासमोर सगळं सांगितलं. खेमसिंगच्या नावावरचा डाग गेला. पण त्या सकाळी शब्बीरला बोलावलं तेव्हा त्यानं जे पाहिलं, त्यावर तो अजून रात्री बोलत नाही.

बाबूंच्या डोळ्यांवर दुपट्टा होता. लाल चौकड्यांचा. नीट घडी घातलेला. शब्बीरनं हात लावून पाहिला.

कोरडा ठणठणीत होता.