दोन रिंगा

तो आमच्याकडे आला तो शिडी मागायला. शेजारच्या अजिंक्यदादांकडे फायबरची तार टाकायची होती आणि माडांपुढे त्याची शिडी तोकडी पडत होती. मी पडवीतून शिडी घेऊन आले, तर हा ओटीवरच्या लाल फोनचा रिसीव्हर कानाला लावून उभा.

"हा बंद आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे. पुसते मी रोज."

त्याने पुढे काही विचारलं नाही. रिसीव्हर झोपलेल्या मुलासारखा हलकेच खाली ठेवला. तेवढ्यावरच मला तो थोडा आवडला.

निहार मूळचा हर्णेचा. रत्नागिरीत टेलिफोनच्या फायबरचं काम करायचा. दुसऱ्या दिवशी शिडी परत द्यायला आला तेव्हा आईने त्याला चहाला बसवलं आणि मी विचारून घेतलं – तोच नंबर ठेवून हा फोन पुन्हा वाजेल का? मालगुंडला आमच्या चिऱ्याच्या घरात मोबाइलला रेंज नाही, हे एक कारण. दुसरं मी सांगितलं नाही. तो नंबर बाबांचा होता.

वाजेल, तो म्हणाला. फक्त तांब्याच्या तारेवरून नाही, इंटरनेटवरून.

आठवड्याने त्याने भिंतीवर एक पांढरा डबा बसवला. बाहेरून आलेलं आत घेतो तो मोडेम, आत आल्यावर कोणाचं कोणाकडे जायचं ते बघतो तो राउटर. या एकाच डब्यात दोन्ही आहेत, असं त्याने समजावलं. म्हणजे आमची आई, मी म्हटलं. तो हसला आणि स्क्रू खाली पडला.

"आणि आवाज? तो कसा जातो?"

"तुकडे होऊन. प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो. पलीकडे पोचले की पुन्हा जोडतात."

"एखादा वाटेत हरवला तर?"

"चिठ्ठी असेल तर परत मागवतात. बोलण्यात नाही मागवत. त्याच्यासाठी थांबलं तर पुढचं सगळंच अडेल… हरवलेलं सोडून पुढचं ऐकायचं."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने लाल फोनची वायर डब्यात खोचली आणि मोबाइल घेऊन रेंज शोधत पार रस्त्यावर गेला. फोन वाजला. सात महिन्यांनी. आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि तशीच उभी राहिली.

तो निघाला तेव्हा मी त्याला घरचा नियम सांगितला. आमच्याकडून जाणाऱ्याने जिथे जायचं तिथे पोचलं की दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवायचं. आम्ही उचलत नाही. दोन रिंगा म्हणजे पोचलो. नियम बाबांचा. फेब्रुवारीत ते कामासाठी रत्नागिरीला गेले, त्या दिवशी रिंगा आल्या नाहीत, तेही परत आले नाहीत… हे सांगायचं नव्हतं, पण सांगून गेले.

"आमच्याकडे बाबांची होडी बंदराला लागेपर्यंत आई जेवत नाही," तो एवढंच म्हणाला.

तासाभराने दोन रिंगा आल्या.

मग तो येतच राहिला. एकदा माजघरात वाय-फाय पोचत नव्हतं, कारण मधली भिंत दीड हात जाड. एकदा डबा तापून बंद पडला. आईने त्याला क्रोशाचं झाकण घातलं होतं, धूळ बसू नये म्हणून. एकदा काहीच बिघडलं नव्हतं. त्या दिवशी तो पासवर्ड बदलायला आलाय असं म्हणाला आणि काय बदलायचा ते त्याला सुचेना. प्रत्येक वेळी दोन रिंगा. पुस्तकांची मुद्रितं तपासायचं माझं घरबसल्या काम, ते करता करता मी घड्याळाकडे बघू लागले होते.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी तो निघाला आणि पाठोपाठ परतीचा पाऊस आला, विजांसकट. तास झाला. दीड झाला. वाटेत आरे-वारेचा चढ, ओला रस्ता. मी पान उलटत होते आणि एक ओळ वाचत नव्हते. फोन उचलला – मुका. डब्यावर एकही दिवा नव्हता.

"मीच बंद केलं हो," आई म्हणाली. "विजा कडाडत्येत. पण फोनला काय झालं? तो कुठे विजेवर होता?"

पूर्वी नव्हता. आता होता. मी बटण दाबलं. हिरवे दिवे एकेक करून लागत गेले, फोनचा सगळ्यात शेवटी… आणि घंटा वाजली. एक. दोन. मी मुद्रितांकडे वळले.

तिसरी वाजली.

मी रिसीव्हर उचलला.

"तीन झाल्या," मी म्हटलं.

"अर्धा तास लावतोय. तू वाट बघशील म्हणून आता परत निघालो होतो. हेल्मेट घालून दारात उभा आहे." मग शांतता.

"आवाज तुटतोय का?"

"नाही. मीच थांबलोय…" तो हळू म्हणाला. "इथे येऊन मी पोचलो म्हणून सांगतो ना, ते खरं नसतं, नीरजा. पोचल्यासारखं मला तिकडे आलो की वाटतं."

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मी वायर बोटाला गुंडाळली, सोडली.

"हेल्मेट काढ आधी," मी म्हटलं. "आणि उद्या ये. काही बिघडलेलं नसताना ये."

रिसीव्हर ठेवला तरी हात त्यावरच होता. आतून आईने विचारलं, "पोचला का गं तो?"

"हो," मी म्हटलं. "पोचला."