जोपचं कोण मनावर घेतं?

बिराम जोप पहिल्यांदा आमच्या खानावळीत आला तो बोटीचं इंजिन दुरुस्त करून, काळ्या हातांनी. मी पाणी दिलं, आडनाव विचारलं.

"जोप."

"मग आज भात पुरायचा नाही. मी मारेम न्जाय."

"न्जाय? म्हणजे आमचे गडीच. वाढ लवकर."

आमच्या न्दार शहरात जोप आणि न्जाय यांनी एकमेकांचा, खादाड नि नोकर म्हणत, असाच उद्धार करायचा असतो. राग धरायचा नाही, हा वाडवडिलांचा नियम. त्यानं भांडणं टळतात, पण प्रेमाची मात्र पंचाईत होते.

तो डाकारचा. खानावळ चालवणाऱ्या माझ्या आत्याला चिडवायला तेवढंच पुरलं. मासळीभाताची परात मधे ठेवताना ती म्हणायची, "न्दारची राजधानी तुम्ही डाकारला नेलीत, आता आमचा भातही न्या." मग सगळे परातीभोवती बसायचे. मी मासा तोडून एकेकापुढे सारायची, त्याच्यापुढे कोबी.

"माशाला माझं वावडं आहे का गं?"

"माशालाही जोप ओळखू येतो."

तो हसायचा, माझ्याकडे बघत राहायचा... आणि मी मान खाली घालायची. मला तो आवडायला लागला होता.

एक दिवस घास हातात तसाच धरून तो म्हणाला, "मारेम — लग्न करशील माझ्याशी?"

सगळे खो खो हसले. मीही हसले. "तुला पोसायचं तर नदीकाठची सगळी शेतं लागतील."

त्यानं घास कसाबसा गिळला, हात धुतले आणि निघून गेला.

नंतर तो फिरकलाच नाही. इंजिनाचं काम संपलं होतं. डाकारला गेला असेल. जोपचं बोलणं न्जायनं खरं मानायचं नसतं. मी मानलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती.

मग एका शुक्रवारी तो आला. इस्त्रीचा पायघोळ झगा, स्वच्छ हात.

"आज शिव्या नाहीत?" आत्यानं विचारलं. "बरं नाही का?"

"माझे काका आलेत," तो म्हणाला.

काकांनी आत्यापुढे कोलाच्या बियांची पुडी ठेवली. लग्नाची मागणी घालताना कोला ठेवतात, होकार मिळाला की तो सगळ्यांना वाटतात; त्या कोलापुढे आमच्याकडे कुणी थट्टा करत नाही. आत्याच्या जिभेवर काहीतरी आलं होतं, ते तिनं गिळलं. मला आईबाप नाहीत, जे काही ते आत्याच.

"मारेम, तुझं काय म्हणणं?"

इतके दिवस मी त्याला आडनावानंच झोडपत आले होते.

"बिराम..." मी म्हटलं. या वेळी मान खाली घातली नाही.

काकांनी कोला वाटायला घेतला.