एकशे बेचाळीस फूट

मी जुन्या इमारतींची मोजणी करून नकाशे काढते. बंदरासमोरची जुनी जकात कचेरी दुरुस्तीला निघाली आणि ते काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी मामाला सोबत घेतलं. मामा जन्मभर गवंडीकाम केलेला. सत्तरी उलटली होती, तरी नुसतं बोटानं ठोकून भिंतीच्या पोटात काय आहे ते सांगायचा. कचेरीचं नाव काढल्यावर मात्र त्यानं हातातला चहा खाली ठेवला. मग म्हणाला, "येतो. एकटी नको जाऊस तिथे."

सुट्टीचा दिवस होता, भर दुपार. खाली जाड दगडी कमानी, वर समुद्राकडे तोंड केलेला लांबच लांब सज्जा आणि त्याला लागून ओळीनं सात खोल्या. खोल्यांची मधली दारं एका रेषेत. पूर्वी बोटीतून उतरलेल्यांना याच खोल्यांमधून एकेक करून पुढे सोडत. आता खिडक्या बंद, आत अंधार, आणि ओल्या चुन्याचा, खाऱ्या हवेनं कुजलेल्या लाकडाचा वास.

हिशेब जुळत नव्हता. बाहेरून, टोकाच्या भिंती वजा करून, वरचा मजला एकशे बेचाळीस फूट भरला होता. आतून खोली-खोली मोजून, मधल्या भिंतींची जाडी धरून बेरीज केली, तर एकशे तीस. बारा फूट गेले कुठे?

"एका दमात मोजू," मी म्हटलं. मामा टेपचं टोक घेऊन सातव्या खोलीकडे गेला. त्याची पावलं अंधारात विरली. मी पहिल्या खोलीच्या भिंतीशी टेप धरून उभी राहिले. बराच वेळ गेला. टेप सरकत राहिली, मग ताणली गेली.

"मामा, धरलं का?"

"धरलं..." आवाज लांबून आला, तोंडावर फडकं धरल्यासारखा.

मी आकडा वाचला. एकशे बेचाळीस. मी खूश! "जुळलं रे मामा! सोड आता."

"थोडं थांबा..."

मला हसू आलं. भाचीला अहो-जाहो! तेवढ्यात मागे जिना करकरला. वळून पाहिलं तर मामा, हातात पाण्याची बाटली.

"अगं, टेप खुंटीला अडकवून सज्ज्यावरून खाली गेलो होतो. घशाला कोरड पडली."

माझ्या हातातली टेप अजून ताणलेलीच होती. मग ती हळूच सैल पडली.

आम्ही दोघं सातव्या खोलीत गेलो. टेपचं टोक शेवटच्या भिंतीच्या पायथ्याशी पडलं होतं. खुंटी रिकामी. मी काय ऐकलं ते अजून सांगितलंच नव्हतं. पण मामानं माझा चेहरा पाहिला आणि भिंतीवर तळहात टेकवला.

"ही भिंत माझ्या बापानं बांधली," तो म्हणाला. "साथीत. एका बोटीतले आजारी लोक पलीकडच्या खोलीत कोंडले होते. सगळे मेले म्हणून साहेबानं दार चिणायचा हुकूम दिला. शेवटचे दोन थर उरले होते, तेव्हा आतून कुणीतरी म्हणालं..."

"काय म्हणालं, मामा?"

"'मिस्त्री, थोडं थांबा.'" मामानं भिंतीवरून नजर काढली नाही. "साहेब मागे उभा होता. बाप थांबला नाही. जाताना एवढंच मला सांगून गेला... तू ही भिंत उघड, पोरी. मला हे घेऊन मरायचं नाही."

रीतसर परवानगी काढायला चार दिवस लागले. मजुरांनी माणूस जाईल एवढं भगदाड पाडलं. छातीवर हात धरून मामा सगळ्यांच्या आधी आत शिरला. मी बॅटरी घेऊन त्याच्या मागे.

आत काहीच नव्हतं. हाड नाही, चिंधी नाही. स्वच्छ, कोरडी, रिकामी खोली. मामानं डोळे पुसले. "सुटले बिचारे," तो पुटपुटला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा निवळलेला दिसला.

परत निघताना मी बॅटरी वळवली. आम्ही फोडून आलो तीच भिंत, तिची आतली बाजू. बाहेरून विटा नुसत्या रचलेल्या होत्या, सांधेही भरले नव्हते. आतून मात्र खालपासून वरपर्यंत गिलावा केलेला होता. गुळगुळीत, घोटीव, एका हातानं सावकाश केलेला.

मामा जवळ गेला. थापीच्या फटकाऱ्यांवरून त्याची नजर फिरत राहिली. गवंडी माणसाला हात ओळखू येतो.

"हा हात माझ्या बापाचा..."

आजोबा घरच्या खाटेवर गेले, त्याला तीस वर्षं होऊन गेली होती. मामानं गिलाव्यावर बोट टेकवलं.

बोट पेरभर आत गेलं. गिलावा ओला होता.