न झालेला स्कॅन

ही गोष्ट जिच्यासमोर घडली तिनेच मला सांगितली. मार्लीस माझी शेजारीण. वीस वर्षं ती स्कॅनचं मशीन चालवते, आणि तिला रंगवून सांगता येत नाही.

सस्कॅचवान प्रांतातलं एक छोटं शहर. नाव मुद्दाम देत नाही. सप्टेंबरचा मंगळवार, भर दुपार.

रुग्णालयाच्या खिडकीपाशी ओरेस्ट उभा होता. हातात पत्र. त्याची बायको नादिन ठरल्या दिवशी स्कॅनला आली नाही, म्हणून तिचं नाव यादीतून काढलं आहे, असं त्यात छापलं होतं.

नादिन फेब्रुवारीतच गेली होती.

आतड्याचा कॅन्सर. वय एकोणचाळीस.

त्याआधीच्या जुलैत रक्त जायला लागलं, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी तातडीचा स्कॅन मागितला होता. इथे स्कॅन तपासून कुणाला कधी घ्यायचं ते ठरवणाऱ्या डॉ. प्रेंटिसनी तिचं वय पाहिलं, मूळव्याध असेल म्हणाले, आणि 'तातडीने' खोडून 'सवडीने' लिहिलं. तारीख मिळाली चौदा महिन्यांनंतरची.

खिडकीतली ग्वेन मान खाली घालून सांगत होती की कॉम्प्युटरमध्ये दोनच रकाने आहेत. आले, किंवा आले नाही.

"मग तिसरा पाड," ओरेस्ट म्हणाला. "'वाट बघून मेली.' आणि वाट कुणी बघायला लावली, तेही लिही. ते घेतल्याशिवाय मी हलत नाही."

प्रेंटिस बाहेर आले. थंडपणे समजावू लागले, की स्कॅनच झाला नाही, तेव्हा जुलैत गाठ होती की नव्हती हे आता कुणीच सांगू शकत नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला...

"श्वास घ्या... रोखून धरा..."

मशीनमधला रेकॉर्ड केलेला आवाज.

खोलीला कुलूप होतं. किल्ली बाहेरच उभ्या असलेल्या मार्लीसच्या खिशात.

तिने काचेतून पाहिलं. टेबल सरकत आत चाललं होतं...

त्यावर कुणीच नव्हतं.

फक्त वर अंथरलेला कागद मधोमध दबलेला... माणूस झोपल्यासारखा.

काचेच्या अलीकडच्या पडद्यावर चित्रं उमटू लागली. आतडं. डावीकडे एक गाठ. कोपऱ्यात नादिनचं नाव...

आणि तारीख त्या जुलैची.

मशीन बिघडलंय, पुसून टाक, असं प्रेंटिस म्हणाले.

मार्लीसचं डोकंच फिरलं. "मी नाही पुसणार. तुम्ही वाचा. ह्याला ऐकू जाईल असं वाचा."

प्रेंटिस पडद्याजवळ आले.

"तीन सेंटीमीटर," शेवटी म्हणाले. "यकृत स्वच्छ. कुठे पसरल्याचं दिसत नाही."

"म्हणजे काय?" ओरेस्टने विचारलं.

"काढता आली असती."

ओरेस्ट ओरडला नाही. पडद्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, लिहून द्या. प्रेंटिसनी लिहिलं. सही केली.

कंपनीची माणसं येऊन गेली. त्या दुपारी मशीन चाललंच नव्हतं, असं त्यांच्या नोंदी सांगतात. अहवाल मात्र फाइलमध्ये आहे.

प्रेंटिसही जागेवर आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनी चौतीस वर्षांच्या एका मुलीच्या कागदावर पुन्हा 'सवडीने' लिहिलं. मार्लीसने कुणाला न विचारता तिला दुसऱ्या दिवशी सकाळीच बोलावलं.

मुलगी दारातच थबकली. आत मार्लीसशिवाय कुणी नव्हतं.

रिकाम्या टेबलाकडे बघत तिने हळूच विचारलं, "या बाईंचं व्हायचंय का अजून?"